‘द इन्व्हिजिबल मॅन’ पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी

स्वतःच्याच शोधापायी ज्याचा घात झाला अशा शास्त्रज्ञाची अभिजात विज्ञानकथा वाचायची असेल तर सुरुवात कोठून करावी, असे विचारले की बहुतेक जाणकार मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’कडे बोट दाखवतात. कालक्रमाने पाहता त्यात चूक काही नाही. तरीही मी नव्या वाचकाच्या हाती आधी एच. जी. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही १८९७ सालची कादंबरी ठेवतो. ती आटोपशीर आहे आणि तिच्यात मनमोकळा विनोद आहे. शोध कसा लागला, त्यासाठी पैसा कोणाच्या खिशातून आला, पहिला प्रयोग कोणावर झाला आणि यश मिळाल्यावर पहिल्याच तासात काय अडले, याचा जेवढा रोखठोक हिशेब तिच्यात मांडलेला आहे तेवढा या परंपरेतील दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मला सापडलेला नाही.

वाचायला बसण्यापूर्वी एक सोय मात्र बाजूला ठेवावी लागेल. अशी गोष्ट म्हटली की आपल्याला लगेच भस्मासुर आठवतो आणि ‘कळले, पुढे काय होणार ते’ असे वाटून वाचन सैल पडते. भस्मासुराला वर मागून मिळाला होता आणि तो मेला मोहिनीच्या युक्तीने. या कादंबरीतील शास्त्रज्ञ ग्रिफिनने आपली शक्ती वर्षानुवर्षे राबून स्वतः कमावलेली आहे, आणि त्याचा नाश ज्यातून होतो त्याची पेरणी शोध पुरा होण्याच्या कितीतरी आधी झालेली आहे. ती पेरणी नेमकी कोणत्या पानावर झाली हे शोधत वाचावे, एवढ्यासाठीच पुढच्या पायऱ्या आहेत. त्यांत कथेचा शेवटही येतो. वेल्स यांनी मुख्य रहस्य शीर्षकातच सांगून टाकलेले असल्याने त्याने फारसे बिघडणार नाही.

पहिली पायरी : अखंड पाठ मिळवावा

वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजी वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथस्वामित्व संपते, त्यामुळे २००७ पासून ही कादंबरी आपल्याकडे सर्वांसाठी खुली आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर तिचा पूर्ण इंग्रजी पाठ विनामूल्य मिळतो आणि ऐकण्याची सवय असलेल्यांसाठी लिब्रिव्हॉक्स या ध्वनिपुस्तकांच्या संकेतस्थळावर तिचे वाचनही आहे. प्रत हाती आली की अनुक्रमणिका पाहावी. अठ्ठावीस प्रकरणे आणि उपसंहार असेल तर प्रत पुरी आहे. त्याहून कमी असेल तर ती संक्षिप्त आवृत्ती समजावी आणि परत ठेवावी. कुमारांसाठी केलेल्या संक्षेपांत पाठलाग आणि मारामाऱ्या राहतात, पण प्रयोगशाळेची प्रकरणे उडतात. म्हणजे शास्त्रज्ञाच्या कथेतून नेमका शास्त्रज्ञच गळतो.

एनसीईआरटीच्या इयत्ता दहावीच्या पूरक वाचनाच्या पुस्तकातून ज्यांची या कथेशी ओळख झाली असेल त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या पाठात घटना सरळ कालक्रमाने लावलेल्या आहेत : लंडनमधील पायऱ्यांवर उमटलेली चिखलाची पावले, मग दुकान, मग खेडे. मूळ कादंबरी खेड्यात सुरू होते आणि लंडनची हकीगत अर्धे पुस्तक उलटल्यावर ग्रिफिनच्याच तोंडून येते. शिवाय तो पाठ गावातील झटापटीपाशी थांबतो, त्यामुळे भटक्या मार्व्हल, डॉक्टर केम्प आणि विकस्टीडचा खून यांतले काहीच शालेय वाचकाला भेटत नाही. आपण ही गोष्ट वाचलेली आहे असा ज्यांचा समज आहे, त्यांनीही ती नवीच मानून उघडावी हे उत्तम.

इंग्रजी जुनी असली तरी अवघड नाही. अडखळायला होते ते गावकऱ्यांच्या संवादांत, कारण ससेक्सची ग्रामीण बोली वेल्स यांनी उच्चाराबरहुकूम लिहिलेली आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद छापील पानावर पहिल्यांदा पाहणाऱ्या पुणेकराची जी गत होते तीच आपली येथे होते, आणि उपायही तोच आहे. ते संवाद मोठ्याने वाचावेत. निम्मे कोडे कानाला आपोआप सुटते. एकूण मजकूर सुमारे पन्नास हजार शब्दांचा आहे. रोज तासभर दिला तर आठवडा पुरतो.

दुसरी पायरी : लेखकाबद्दल तीन गोष्टी, अधिक नकोत

चरित्र आधी वाचून कादंबरीकडे जाण्याची गरज नाही. तीन तपशील मात्र उपयोगी पडतात. वेल्स यांचा जन्म १८६६ साली केंटमधील ब्रॉम्ली येथे झाला आणि कोवळ्या वयात त्यांना कापडदुकानात उमेदवारी करावी लागली. ते काम त्यांना मनापासून नकोसे होते. कादंबरीत ग्रिफिन एका प्रचंड वस्तुभांडारात रात्र काढतो, तेव्हा चादरी, मोजे आणि गाद्या कोठे असतात, सकाळी नोकर आच्छादने कशी काढतात याचे जे बारकावे येतात ते त्या उमेदवारीतून आलेले आहेत. दुसरी गोष्ट अशी की ससेक्समधील मिडहर्स्ट येथे ते शिकले आणि शिकवीतही होते, आणि कथा जेथे सुरू होते ते आयपिंग गाव मिडहर्स्टच्या शेजारीच आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील विज्ञान विद्यालयात गेले आणि तेथे टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. म्हणजे लेखकाला प्रयोगशाळेचे जग ऐकून नव्हे, आत बसून ठाऊक होते, आणि आपला नायक त्या जगाची कोणती रीत मोडतो आहे याचीही त्यांना पुरती कल्पना होती.

तिसरी पायरी : पहिली सात प्रकरणे एका बैठकीत आणि हसत वाचावीत

फेब्रुवारीतील बर्फाच्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला एक अनोळखी माणूस ब्रॅम्बलहर्स्ट स्थानकावरून चालत येतो आणि आयपिंगमधील ‘कोच अँड हॉर्सेस’ या सराईत खोली मागतो. चेहऱ्याला पट्ट्या, डोळ्यांवर निळे चष्मे, मधोमध गुलाबी चकचकीत नाक. मालकीणबाई मिसेस हॉल यांना हिवाळ्यात गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद एवढा की विचारपूस करण्याची ओढ त्या कशीबशी आवरतात. नवा वाचक येथे थोडा गोंधळतो. शास्त्रज्ञाच्या शोकांतिकेची तयारी करून आलेल्याला सामानाच्या गाड्या, कुत्र्याचा चावा, थकलेले भाडे आणि घड्याळ दुरुस्त करणारा टेडी हेनफ्री भेटतात. घाई करू नये. असंभव गोष्ट एकच घ्यावी आणि तिच्याभोवतीचे सारे जग रोजचे, ओळखीचे ठेवावे, ही वेल्स यांची पद्धत होती आणि पुढे एका प्रस्तावनेत त्यांनी ती स्वतः सांगितलेली आहे. थकलेले भाडे खरे वाटले म्हणूनच रिकामी बाही खरी वाटते.

वाचताना गावकऱ्यांचे तर्क समासात टिपत जावेत. मिसेस हॉल यांच्या मते बिचाऱ्याला अपघात झाला आहे किंवा त्याची शस्त्रक्रिया झाली आहे. हेनफ्रीला तो पोलिसांना हवा असलेला इसम वाटतो. सामान वाहणारा फिअरेनसाइड कुत्र्याने फाडलेल्या विजारीतून आत काळे पाहतो आणि हा माणूस कबऱ्या घोड्यासारखा दोनरंगी असल्याचे छातीठोकपणे सांगतो. शाळेतील मदतनीस गूल्ड त्याला स्फोटके बनवणारा अराजकवादी ठरवतो. हे सगळे हास्यास्पद आहे यात शंका नाही, पण त्यांची पद्धत पाहावी : कोणी काहीतरी पाहतो, त्यावरून अनुमान काढतो, ते गुत्त्यात चार जणांपुढे ठेवतो आणि ऐकणारे ते खोडून काढतात. अडाणी असले तरी हे उघड्यावरचे संशोधन आहे. खोलीत कड्या लावून बसलेला, हजार बाटल्यांच्या गराड्यातला पदवीधर यापैकी एकही गोष्ट करीत नाही. पहिल्या वाचनात हा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता; मी गावकऱ्यांना नुसते हसून मोकळा झालो होतो.

आठवे प्रकरण जेमतेम पानभराचे आहे. माळावर पहुडलेल्या एका हौशी निसर्गनिरीक्षकाला कोणीतरी खोकत, शिंकत आणि सुशिक्षित माणसाच्या शैलीत शिव्या देत जवळून गेल्याचे ऐकू येते, दिसत कोणीच नाही. बस, एवढेच. ते वगळू नये. अजिंक्य माणसाला सर्दी झाली आहे, हे कादंबरीतील माझ्या मते सर्वांत मोलाचे वाक्य तेथे न उच्चारता सांगितलेले आहे.

चौथी पायरी : जमाखर्चाची वही उघडावी

नवव्या प्रकरणापासून एक साधी वही जवळ ठेवावी. डाव्या पानावर ग्रिफिनला अदृश्यतेमुळे काय मिळाले ते लिहावे, उजव्या पानावर त्यामुळे काय गेले किंवा कोणाकडून काय घ्यावे लागले ते लिहावे. हा उद्योग शाळकरी वाटेल, पण या पुस्तकाची जी किल्ली समीक्षेच्या ग्रंथांत शोधावी लागते ती या दोन पानांत आपली आपणच सापडते.

डाव्या पानावर चोरी, चकवा आणि मार एवढेच जमते. उजवे पान मात्र भरत जाते. कपडे घातले तर दिसणार, न घालावेत तर इंग्लंडची थंडी. पोटातले अन्न पचेपर्यंत बाहेरून दिसते, म्हणून चारचौघांत जेवणे बंद. पाऊस, धुके आणि बर्फ अंगाची बाह्यरेखा दाखवतात, शहरातील काजळी कातडीवर साचते. माणसांना तो दिसत नाही, पण कुत्र्यांना वास येतो. चोरलेले पैसे हवेत तरंगत जाताना लोक पाहतात. आणि सर्वांत गमतीचे म्हणजे जिना उतरताना स्वतःचे पाय दिसत नसल्याने तो पहिल्याच दिवशी अडखळतो. हवे ते मिळवणे अदृश्यतेने सोपे केले पण मिळालेले उपभोगणे अशक्य केले, असा हिशेब पुढे तो स्वतःच केम्पला सांगतो.

थॉमस मार्व्हलचा प्रवेश याच वहीच्या संदर्भात वाचावा. हा लठ्ठ, आळशी भटक्या रस्त्याच्या कडेला बसून भिक्षेत मिळालेल्या बुटांच्या दोन जोड्यांपैकी कोणती बरी याचा विचार करीत असतो, आणि त्याच्यासमोर येतो तो अनवाणी, उघडा, कोणालाही न दिसणारा शास्त्रज्ञ. ज्याच्याजवळ विद्यापीठाचे पदक आहे त्याच्याजवळ जोडा नाही, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याजवळ दोन जोड्या आहेत. तीन वह्या आणि पैसे वाहून न्यायला ग्रिफिनला कोणाचे तरी दिसणारे शरीर हवेच आहे. दहा ते सोळा ही प्रकरणे पळापळीची आहेत आणि वेगाने वाचली तरी चालतात. फक्त वह्या कोणाजवळ आहेत यावरची नजर हटू देऊ नये.

पाचवी पायरी : सतरा ते चोवीस ही प्रकरणे सावकाश, शक्य तर दोनदा

पोर्ट बर्डॉकमधील डॉक्टर केम्प रात्री आपल्या अभ्यासिकेत लिहीत बसलेला आहे आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळण्याची आशा बाळगून आहे. जखमी ग्रिफिन त्याच्या घरात शिरतो, तेव्हा सतराव्या प्रकरणात आपल्याला त्याचे नाव पहिल्यांदा कळते. निम्म्याहून अधिक पुस्तक आपण ‘तो अनोळखी’, ‘तो आवाज’ अशा नावांनी वाचलेले असते. हा माणूस युनिव्हर्सिटी कॉलेजचा माजी विद्यार्थी आहे, रसायनशास्त्राचे पदक मिळवलेला, सहा फूट उंच आणि अल्बिनो. हा शेवटचा तपशील नीट टिपावा. त्याच्या कातडीत आणि केसांत रंगद्रव्य जवळजवळ नाहीच, म्हणून प्रयोग त्याच्यावर साधतो. आणि ज्याच्याकडे लोक जन्मभर वळून पाहत आले असतील त्याला कोणालाच न दिसण्याचे आकर्षण का वाटावे, हेही वेल्स कोठे न बोलता सुचवून जातात.

आता पेरणीच्या जागा. चेसिलस्टो येथील महाविद्यालयात तो सामान्य पगारावर विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवण्याचे काम करीत होता. ऑलिव्हर नावाचा प्राध्यापक आपली कल्पना चोरेल या भीतीने त्याने तीन वर्षे कोणालाही काही सांगितले नाही, काही छापले नाही. पुढचा प्रयोग करायला पैसा नव्हता. तो त्याने वडिलांकडून चोरला, आणि ते पैसे वडिलांचे नव्हतेच, त्यामुळे वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. अंत्यसंस्काराला तो गेला, पण त्याला दुःख झाले नाही. तेथे जुन्या ओळखीची एक मुलगी भेटते, तिच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात, आणि मग तीही त्याला अगदीच सामान्य वाटते. हे सारे अदृश्य होण्यापूर्वीचे आहे. अंगावर अजून कोणतेही औषध पडलेले नाही. ही चार पाने वाचून झाल्यावर ‘शोधाने त्याला राक्षस केले’ हे वाक्य मला तरी कधी लिहिता आले नाही.

त्यानंतर लंडनमधील ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटजवळची भाड्याची खोली येते. तेथे तो आधी पांढऱ्या लोकरी कापडाचा तुकडा नाहीसा करतो, मग शेजारच्या एकाकी म्हातारीची पांढरी मांजर. मांजर जाते, पण डोळ्यांच्या मागचा चकाकणारा पडदा काही जात नाही, आणि रात्रभर दोन डोळे खोलीत ओरडत हिंडत राहतात. म्हातारी दार ठोठावून विचारते तेव्हा तो तिला वाटेला लावतो. पहिला यशस्वी सजीव प्रयोग झाला आणि त्याची साक्षीदार जी एकुलती एक व्यक्ती होऊ शकली असती तिला दाराबाहेर उभे ठेवले, असे ते दृश्य आहे. मग तो स्वतःवर प्रयोग करतो, एक रात्र असह्य वेदनेत काढतो आणि घरमालक दार फोडू लागल्यावर मागे पुरावा राहू नये म्हणून घराला आग लावून निघून जातो.

अठ्ठाविसापैकी जी आठ प्रकरणे या पायरीत आली त्यांतील बराच भाग ग्रिफिनच्या तोंडचा आहे, हे विसरू नये. तो स्वतःची बाजू मांडतो आहे, समोर डॉक्टर बसलेला आहे आणि त्या डॉक्टरने गुपचूप पोलिसांना चिठ्ठी पाठवलेली आहे. कोण कोणाला फसवते आहे याची नोंद आपल्या वहीत तिसऱ्या पानावर करायला हरकत नाही.

सहावी पायरी : एकोणिसावे प्रकरण स्वयंपाकघरात तपासून पाहावे

ग्रिफिन केम्पला जे भौतिकशास्त्र समजावतो ते सुरुवातीला अगदी खरे आहे. वस्तू दिसते ती प्रकाश शोषते, परावर्तित करते किंवा वाकवते म्हणून. यातले काहीच घडले नाही तर ती दिसणार नाही. काच स्वच्छ असते, पण कुटली की पांढरी, अपारदर्शक भुकटी होते, कारण प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो. तीच भुकटी पाण्यात टाकली की जवळजवळ दिसेनाशी होते, कारण काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यांत, फारसे अंतर नाही. हवेचा अपवर्तनांक जवळपास १, पाण्याचा १.३३ आणि साध्या काचेचा सुमारे १.५ असतो. दोन लगतच्या पदार्थांचे आकडे जितके जवळ, तितकी त्यांमधली सीमा अस्पष्ट.

काच कुटण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गरम भजी काढून ठेवावीत. तेल झिरपलेल्या जागी मागच्या पानाची अक्षरे दिसू लागतात. कागदाच्या तंतूंमधली हवा गेली, तिच्या जागी तंतूंच्या अपवर्तनांकाशी जुळणारे तेल आले, आणि पांढरा कागद पारदर्शक झाला. ग्रिफिन स्वतः तेलकट कागदाचेच उदाहरण देतो. कोणाजवळ प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेची कांडी असेल तर ती ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहावी. दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने बुडालेला भाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. माणसाचे शरीरही असेच पारदर्शक तंतूंचे बनलेले आहे आणि अडचण फक्त रक्ताच्या तांबड्या व केसांच्या काळ्या रंगाची आहे, हे ग्रिफिनचे म्हणणे येथवर आल्यावर भलतेच पटू लागते. वेल्स यांचे कसब ते हेच. खऱ्या पायऱ्यांवरून आपल्याला चालवत आणून शेवटची एकच पायरी ते खोटी लावतात : शरीराचा अपवर्तनांक हवेइतका खाली आणणारी किरणे. ती रॉन्टगेन यांची किरणे नव्हेत, असे ग्रिफिन मुद्दाम बजावतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये लागलेला होता आणि दीड-दोन वर्षांनी ही कादंबरी वाचणाऱ्याच्या मनात तेच नाव आधी येणार, हे लेखकाने ओळखले होते.

येथे एक प्रसिद्ध आक्षेप वाचकाला ठाऊक असावा. डोळ्याचे भिंग प्रकाश वळवणार नसेल आणि दृष्टिपटल प्रकाश शोषणार नसेल तर अदृश्य माणूस ठार आंधळा असेल. रशियन विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमन यांनी हा मुद्दा रंजकपणे मांडलेला आहे. वेल्स यांना तो सुचला नव्हता असे मात्र नाही. मांजरीचे डोळे उरतात, आणि ग्रिफिन आरशात पाहतो तेव्हा दृष्टिपटलामागे धुक्याहून विरळ असा रंगाचा अंश शिल्लक असतो. भिंगाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, पण लेखकाने दार अगदीच उघडे टाकलेले नाही.

कल्पना आजही पुरती शिळी झालेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी टार्ट्राझिन या खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या रंगाचे द्रावण जिवंत उंदरांच्या कातडीवर चोळून ती तात्पुरती पारदर्शक केल्याचे प्रसिद्ध केले. रंग धुतल्यावर कातडी पूर्ववत झाली. त्यांची दिशा ग्रिफिनच्या उलट होती : त्यांनी शरीराचा अपवर्तनांक हवेपर्यंत खाली नेला नाही, तर ऊतींमधल्या पाण्याचा अपवर्तनांक मेदाच्या जवळ वर आणला. आणि त्यांनी तो निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात सर्वांच्या डोळ्यांसमोर छापला, हा दुसरा फरकही वहीत लिहून ठेवण्याजोगा आहे.

सातवी पायरी : शेवटचा पाठलाग वाचताना एका वस्तूकडे लक्ष ठेवावे

पंचविसाव्या प्रकरणापासून केम्प शिकारीची आखणी करतो : घरे आणि अन्न कुलपात ठेवावे, कुत्री आणावीत, त्याला झोपू देऊ नये. याच ओघात तो रस्त्यांवर काचेची भुकटी पसरण्याची सूचना करतो आणि ती क्रूर असल्याचेही कबूल करतो. काचेची भुकटी आपण आधी कोठे पाहिली? एकोणिसाव्या प्रकरणात, ग्रिफिनच्या स्पष्टीकरणात. ज्या उदाहरणाने त्याने आपले तत्त्व समजावले तेच आता त्याच्या उघड्या पायांखाली टाकायला निघालेले आहे. त्याने विज्ञान एकाच माणसाला विश्वासाने सांगितले, आणि त्या माणसाने ते असे वापरले. केम्प शहाणा आहे, गावाच्या बाजूचा आहे, बहुधा बरोबरही आहे. पण त्याच्याबद्दल मला कधी माया वाटली नाही.

अखेरीस मजुराच्या फावड्याचा घाव बसतो, जमाव तुटून पडतो, आणि मेलेला ग्रिफिन हळूहळू दिसू लागतो. शिरा आणि हाडे आधी, मग मांस, मग सुमारे तिशीचा, पांढऱ्या केसांचा, माणकासारख्या डोळ्यांचा मार खाल्लेला माणूस. हे परिच्छेद मोठ्याने वाचावेत.

आठवी पायरी : चित्रपट नंतरच पाहावा

१९३३ साली जेम्स व्हेल यांनी केलेला चित्रपट उत्तम आहे. क्लॉड रेन्स यांचा चेहरा त्यात अगदी शेवटी दिसतो आणि तोवर केवळ आवाजाने त्यांनी भूमिका पेललेली आहे. पण पटकथेने एक मोठा बदल केला. तेथे मोनोकेन नावाचे औषध ग्रिफिनला वेडा करते, शिवाय त्याला एक वाग्दत्त वधूही दिलेली आहे. म्हणजे दोष औषधाचा, माणूस मुळात भला. कादंबरीतील वडील, प्राध्यापक आणि म्हातारी या तिघांनाही त्यामुळे रजा मिळते. चित्रपट आधी पाहिलेला वाचक पाचव्या पायरीतील पानांवरून ‘हा वेडाच्या भरात बोलतो आहे’ असे समजून पुढे सरकतो. म्हणून क्रम पाळावा.

नववी पायरी : येथून पुढे

आता ‘फ्रँकेन्स्टाइन’ हाती घ्यायला हरकत नाही. ते १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले आणि १८३१ साली तिने ते सुधारून पुन्हा काढले. फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे निम्मे गैरसमज मिटतात. त्यानंतर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची १८८६ सालची जेकिल आणि हाइड यांची लघुकादंबरी वाचावी. तिच्यातील एक तपशील प्रयोगशाळेत काम केलेल्या वाचकाला विशेष बोचेल : जेकिलचे औषध लागू पडत होते ते पहिल्या खेपेच्या क्षारातील अज्ञात भेसळीमुळे, आणि नवा, शुद्ध क्षार आणल्यावर ते पुन्हा बनेना. दुसऱ्या कोणी तो प्रयोग एकदा जरी करून पाहिला असता तर हे आधीच कळले असते. वेल्स यांचीच १८९६ सालची डॉक्टर मोरोच्या बेटाची कथा मात्र शेवटी ठेवावी; ती अंगावर येते. तिन्ही वाचताना आपली वही उघडी ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा : याचे काम पाहणारा दुसरा माणूस कोण होता?

मराठीतून पुढे जायचे असेल तर जयंत नारळीकर यांच्या कथा आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, कथा कथा म्हणून तपासली जावी, यासाठी त्यांनी ते केले. लपण्याचे हेही एक कारण असू शकते, आणि ग्रिफिननंतर ते आठवले की बरे वाटते.

दहावी पायरी : उपसंहार वेगळ्या दिवशी वाचावा

पाठलागाच्या वेगात हे शेवटचे दीड-दोन पान लोक ओलांडून जातात, म्हणून ते मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे. पोर्ट स्टोजवळ एक छोटी सराई आहे, तिच्या पाटीवर टोपी आणि बुटांखेरीज काही रंगवलेले नाही. मालक आहे थॉमस मार्व्हल. ग्रिफिनच्या पैशांवर त्याचे बस्तान बसलेले आहे, आणि वह्यांबद्दल कोणी विचारले तर तो साफ नाही म्हणतो. रविवारी सकाळी सराई बंद असताना तो दार लावून घेतो, कपाट उघडतो, कपाटातली पेटी उघडतो आणि त्या तीन वह्या टेबलावर मांडतो. त्यांची वेष्टने शेवाळाने हिरवटलेली आहेत, काही पाने खंदकातल्या घाण पाण्याने धुऊन कोरी झालेली आहेत, उरलेली सांकेतिक लिपीत आहेत. मार्व्हल पाइप पेटवून पाने पुढे-मागे उलटत बसतो, एखाद्या चिन्हावर बोट ठेवून पुटपुटतो आणि यांत केवढी गुपिते असतील म्हणून चकित होतो. हे वाचून झाल्यावर समासातील तिसऱ्या पायरीच्या नोंदी, म्हणजे गावकऱ्यांचे ते चुकीचे तर्क, एकदा पुन्हा वाचून पाहावेत.